जुन्या एअर रायफलसाठी अवजारं जमवताना: चार रविवारांची नोंद

मंडळी, मामांच्या माळ्यावरून उतरवलेली स्प्रिंगची एअर रायफल अखेर कामाला घेतली. .१७७ इंची (म्हणजे ४.५ मिमी) छर्र्याची, नळी मोडून भरायची, सागवानी दस्ता. छर्रा १० मीटरवर जायचा, पण जीव नसल्यासारखा. आतल्या हवा दाबणाऱ्या दट्ट्याच्या तोंडावरची चामड्याची वॉशर वाळून कडक झाली असणार, हा अंदाज होता आणि तो बरोबर निघाला.

आधी एक सांगतो. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे ४.५ मिमीपर्यंतच्या आणि २० ज्यूलच्या आतल्या एअर रायफलला परवाना लागत नाही, म्हणून हे काम घरी करतो. काडतुसाच्या बंदुकीला मी हात लावत नाही. ती परवाना असलेल्या कारागिराकडेच गेली पाहिजे.

पहिला रविवार

दस्त्याचे तीन स्क्रू. त्यातल्या एकाची खाच कुणीतरी आधीच कुरतडलेली. माझ्याकडे ७०० रुपयांचा बत्तीस नगांचा सेट होता, त्यातलं एकही पातं खाचेत नीट बसेना. दुकानातल्या साध्या स्क्रू ड्रायव्हरचं पातं टोकाकडे निमुळतं होत जातं. पाचरीसारखं. जोर लावला की ते खाचेतून वर चढतं आणि जाताना खाचेच्या कडा खाऊन जातं. बंदुकीच्या स्क्रूची खाच मात्र सरळ भिंतींची असते, तिला पातंही सरळच लागतं.

सेट बाजूला ठेवला. नाशिकच्या टपारियाचे तीन सुटे स्क्रू ड्रायव्हर आणले, ३४० रुपयांत. खाचेपेक्षा जरा जाडच पात्यांचे घेतले, कारण घासून कमी करता येतं, वाढवता येत नाही. सहा इंची बारीक दातांच्या चपट्या कानशीनं दोन्ही बाजू समांतर केल्या, शेवटी तेलाच्या दगडावर फिरवल्या. ग्राइंडरवर नेऊ नका. पातं तापून निळं पडलं की त्याचं पाणी (कडकपणा) उतरतं आणि पहिल्याच घट्ट स्क्रूला ते पिळवटतं. मला एका पात्याला पाऊण तास लागला. पातं खाचेत उभं केलं, हात सोडला, तर स्क्रू ड्रायव्हर तसाच उभा राहिला! उजेडासमोर धरून पाहिलं, दोन्ही बाजूंना फट नाही. तिन्ही स्क्रू एका दमात सुटले, कुरतडलेलासुद्धा.

दुसरा रविवार

पिना. नळकांड्याचा (ज्यात स्प्रिंग असते ती नळी) मागचा ठोकळा एका आडव्या पिनेवर अडकलेला असतो. इथे खिळा किंवा जुनं ड्रिल वापरायचा मोह होतो, पण घसरलं तर नळकांड्यावर जन्माचा ओरखडा. पिन पंचांचा (पिन ठोकून बाहेर काढायच्या दांड्यांचा) सेट ४२० रुपयांना मिळाला. पंच पिनेपेक्षा किंचित बारीक हवा. माझी पिन ४ मिमीची होती, म्हणून ३.५ चा पंच निवडला. सुरुवात आखूड, जाड पंचानं करायची, पिन हलली की मगच लांब सरळ पंच. लांब पंचानंच पहिला घाव घातला तर तो वाकतो.

हातोडी २०० ग्रॅमची पुरते. जिथे लोखंडावर थेट मारायचं नाही, तिथे पितळी रॉडचा तुकडा मध्ये धरतो. वजनावर घेतला, कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या लेथवाल्यानं दोन्ही तोंडं सरळ करून दिली. खाली टेकवायला भोक पाडलेला सागवानी ठोकळा, म्हणजे पिन त्यातच पडते, शोधावी लागत नाही.

हे सगळं जमलं तरी पिन लगेच काढायची नाही. मागे स्प्रिंग दाबून बसलेली असते. नुसत्या हातानं पिन काढली तर ठोकळा तोंडावर येईल इतकी ताकद तिच्यात असते. याच्यासाठी दोन जाड लाकडी ठोकळे, दोन बाजूंना १२ मिमीचे आटे पाडलेले रॉड आणि नट असा साचा केला. खर्च १५० रुपये. नट आळीपाळीनं अर्धा-अर्धा फेरा सोडत गेलो. माझी स्प्रिंग जवळजवळ दोन इंच मोकळी झाली, तेव्हा कुठे तिचा जोर संपला. पैसे कमी असतील तर बाकी काहीही पुढे ढकला, हा साचा नाही.

तिसरा रविवार

वॉशर. आपल्याकडे कोल्हापुरात यासाठी लांब जायला नको. चपलेचं चामडं बाभळीची साल आणि हिरड्यानं कमावलेलं असतं, आणि असं चामडं ओलं करून दाबलं की घेतलेला आकार धरून ठेवतं. ओळखीच्या कारागिराकडून हातभर तुकडा आणला, कंपासनं गोल आखला, पाण्यात भिजवला. लेथवाल्याकडून नळकांड्याच्या आतल्या मापाचा एक तुकडा करून घेतला होता, त्यात बोल्टनं ओढून कपासारखा बसवला आणि दोन दिवस सावलीत वाळवला. कडा धारदार सुरीनं कापल्या, मग तेल मुरवलं. तेल बेतानंच. दट्ट्यापुढे जास्त राहिलं तर दाबाच्या उष्णतेनं पेट घेतं, धूर येतो आणि स्प्रिंगला मार बसतो.

चौथा रविवार

कुरतडलेला स्क्रू फेकला नाही. व्हाइसच्या पितळी जबड्यांमध्ये धरून उठलेल्या कडा हातोडीच्या हलक्या टोल्यांनी खाचेकडे परत बसवल्या, छोट्या कानशीनं खाच साफ केली, पॉलिश पेपर मारला. मग गॅसवर निळसर होईपर्यंत तापवून तेलात बुडवला. काळा रंग बाकीच्या दोघांशी जुळला.

रायफल जोडली. टेकवून १० मीटरवर पाच छर्रे मारले. पाचही भोकं दहा रुपयांच्या नाण्याखाली झाकली जातात. नव्या अवजारांवर एकूण १,७२० रुपये गेले, त्यात छोट्या कानशींचा सहाचा सेटही आला.

दस्त्याला जवसाच्या तेलाचा दुसरा हात कालच दिला. पावसाळी हवेत वाळायला वेळ घेतोय, तिसरा हात बुधवारच्या आधी होत नाही.