जोडीतला जड दिवा

संग्रहालय झालेलं आमचं हे जुनं घर सोमवारी पाहुण्यांसाठी बंद असतं, म्हणून जोखमीची कामं आम्ही सोमवारवर ठेवतो. त्या सोमवारी दिवाणखान्याचं वायरिंग बदलायचं होतं आणि त्याआधी खोली मोकळी करून देणं माझ्याकडे होतं. रेशमी पडदे आधीच उतरले होते. सोनेरी चौकटीच्या मोठ्या आरशाला हात लावायचा नव्हता, कारण त्याच्या पाठीला चांदी नाही, कथील-पाऱ्याचा जुना थर आहे आणि तो हादऱ्याने सुटतो. राहिले होते आरशापुढच्या संगमरवरी फळीवरचे दोन टेबलदिवे.

नोंदवहीत त्यांच्यापुढे लिहिलं होतं: ‘रॉकेलचे दिवे, जोडी, चिनी मातीचे, पितळी बैठक, नंतर वीज बसवलेली.’ सहा वर्षं मी ती ओळ वाचत आले आणि दर महिन्याला दिव्यांवरची धूळ मऊ ब्रशने जागच्या जागी काढत आले. उचलायची वेळ मात्र आली नव्हती. पहिला दिवा दोन्ही हातांनी उचलून ट्रेमध्ये ठेवला. त्याच अंदाजाने दुसऱ्याला हात घातला, तर तो जागचा हलेचना. जोर लावण्याआधीच मी हात काढून घेतला.

दोघांना काट्यावर ठेवलं. एक 3.2 किलो, दुसरा 4.9. उंची तीच, निळ्या फुलांची नक्षी तीच, बैठकही तीच. पावणेदोन किलोंचा फरक चिनी मातीच्या जाडीत मावत नाही.

तेवढ्यात वायरमन आले. दुसऱ्या दिव्याची वायर बाहेरून, वरच्या तोंडाशी जोडलेली होती आणि तिचं जुनं रबर बोट लावताच भुगा होत होतं. त्यांनी दिव्याच्या बुडाखाली टॉर्च मारला. “मॅडम, त्या दिव्याला खाली भोक आहे, याला नाहीये. पाडून देतो. वायर आतून गेली की दिसायची पण नाही.”

त्यांच्या बाजूने ते अगदी बरोबर बोलत होते. लोंबती वायर कुणालाच नको असते. “थोडं थांबा,” मी म्हटलं, “आत काय आहे ते आधी बघू या.”

वरची रॉकेलची टाकी नुसती कडेवर टेकवलेली होती, ती सहज निघाली. आत बारीक नळीचा कॅमेरा सोडला. आधी काळपट तपकिरी भिंत दिसली, पत्र्याच्या डब्याची. मग तिरका प्रकाश पडला आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर दाते आले. एकाखाली एक, सारख्या अंतरावर, उभ्या पितळी पट्टीवर कापलेले दाते. त्यांच्या खोबणीत मेणासारखा हिरवा थर बसला होता. तेल आणि तांबं वर्षानुवर्षं एकमेकांना लागून राहिले की असा हिरवा साबण तयार होतो. पण रॉकेलच्या दिव्यात दात्यांची पट्टी कशाला हवी?

इथे तेलाबद्दल सांगायलाच हवं, कारण सगळा उलगडा तिथेच आहे. रॉकेल पातळ असतं, वातीतून आपोआप वर चढतं, म्हणून त्याची टाकी ज्योतीखाली चालते. त्याआधीच्या चांगल्या दिव्यांत मोहरीच्या कुळातल्या रोपाच्या बियांचं तेल जळायचं आणि ते दाट. आमी आरगां या स्विस माणसाने 1780च्या सुमारास पोकळ गोल वात काढली, आतून-बाहेरून हवा मिळून ज्योत लख्ख झाली. पण तेल वातीपर्यंत पोचवायला टाकी ज्योतीपेक्षा उंच ठेवावी लागे आणि तिची सावली टेबलावर पडे. 1800 साली कार्सेल या फ्रेंच घड्याळजीने दिव्याच्या पोटात घड्याळासारखं यंत्र घालून तेल खालून वर ढकललं. ते महाग आणि नाजूक. 1830च्या दशकात फ्रान्समध्ये फ्रांशोने त्याचं साधं रूप आणलं. चावी फिरवली की दात्यांची पट्टी दट्ट्याला वर ओढते आणि स्प्रिंग दाबली जाते. मग स्प्रिंग दट्ट्याला सावकाश खाली रेटते, तेल मधल्या नळीतून वातीकडे चढतं, जास्तीचं पुन्हा खाली ओघळतं. नळीत एक निमुळती सळई असते. स्प्रिंग ताजी असताना ती वाट अडवते, स्प्रिंग सैलावली की वाट मोकळी करते, म्हणून ज्योत तासन्‌तास एकसारखी राहते. मला यातली सगळ्यात सुंदर गोष्ट ही सळई वाटते.

आणि ती आमच्या दिव्यात होती. दट्ट्या तळाला बसलेला, त्याची चामड्याची कड वाळून वर वळलेली, स्प्रिंग जागेवर. 1860 नंतर रॉकेल स्वस्त झालं तेव्हा कुणीतरी यंत्र न काढता वर फक्त नवी टाकी टेकवली. पुढे कुणीतरी त्या टाकीतच बल्ब बसवला.

मग पहिल्या, हलक्या दिव्यात कॅमेरा घातला. रिकामा. पत्र्याच्या डब्याची कड कात्रीने कापल्यासारखी वेडीवाकडी, तळाच्या भोकाभोवती ड्रिलचे ओरखडे. पूर्वी कधी वीज बसवताना वायरला वाट हवी म्हणून आतलं सगळं ओढून काढलं होतं. मी बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले. वायरमनही गप्प होते. त्यांनी ड्रिल पुन्हा पेटीत ठेवलं.

क्युरेटरसरांना बोलावलं. त्यांना दोन्ही दिवे पुन्हा लागलेले हवे होते. मी हट्टाने म्हटलं, भोक नाही, वायर नाही आणि वाळलेलं तेलही पुसायचं नाही. ते कोणतं तेल होतं हे त्या थरातूनच कळेल. शेवटी बॅटरीवरचा मंद एलईडी रॉकेलच्या टाकीच्या तोंडात नुसता ठेवायचा ठरला. टाकीही राहू दिली, तीही आता दीडेकशे वर्षांची आहे.

संध्याकाळी लावून पाहिला. रेशमी पडद्यांच्या जागी उजेड मोजायचा मीटर धरला, 50 लक्सच्या आत, म्हणजे रेशमाला सोसेल एवढाच. खोलीतले दिवे घालवले आणि आरशाची चौकट पेटल्यासारखी झाली. मोठ्या दिव्यांत ती मला कायम भडक वाटायची. एका ज्योतीएवढ्या उजेडात कोरीव पानाची प्रत्येक कड तो उजेड पकडून खोलीत परत टाकत होती. वायरमन म्हणाले, “म्हणजे आरसा पण दिवाच की.”

नोंदवहीत आता दोन वेगळ्या ओळी आहेत. टाकीखालच्या कडेला सोनेरी रंगाने बुजवलेलं एक छिद्र सापडलं, त्यात चावीच्या चौकोनी दांडीचं टोक आहे. ओळख न पटलेल्या चाव्यांचं आमच्याकडे एक खोकं आहे. रोज थोड्या थोड्या काढून मापते आहे. सापडली तरी फिरवणार नाही, त्या चामड्याला ते सोसायचं नाही. दिव्याशेजारी ठेवेन.