आठ अक्षरांतलं पाणी

दुपारचं जेवण होऊन मी जरा लवंडणार, तेवढ्यात खालून नानांची हाक. नाना आमच्या तळमजल्यावरचे. पुण्याला निघालेत, मुलाकडे, कायमचे. घरातल्या एकेका वस्तूचा निकाल लागत होता: कपाट भाचीकडे, पितळी पातेली पुण्याला, कॉम्प्युटर भंगारात. ‘अगं, तेवढ्या त्यातल्या सोसायटीच्या नोटिसा काढून दे. नव्या सेक्रेटरीच्या हातात ठेवतो म्हणजे मी सुटलो.’

तेवढ्या म्हणजे ४१२.

२००८ ते २०१९ नाना सेक्रेटरी होते. गावभागातली आमची बारा बिऱ्हाडांची इमारत, तिला अकरा वर्षांत सांगण्यासारखं एवढं काय असणार? होतं एकच. उद्या पाणी येणार नाही. कृष्णा हाकेच्या अंतरावर आणि नळ कोरडा, यात सांगलीकराला नवल वाटायचं कधीच बंद झालंय. मधूनमधून वर्गणी, टाकी धुणे, जिन्यात सायकली लावू नयेत, इतकंच.

अडचण होती फॉन्टची. नानांनी सगळं त्या जुन्या मराठी फॉन्टात टाइप केलेलं, ज्यात पडद्यावर ‘प’ दिसतो पण आत कुठलं तरी इंग्रजी अक्षर दडून बसलेलं असतं. हा फॉन्ट फक्त नानांच्या मशीनवर. दुसरीकडे फाइल उघडली की नोटिशीच्या जागी रोमन अक्षरांची खिचडी. पीडीएफ केली तर फॉन्टही तिच्या पोटात बसून बरोबर जातो. म्हणजे जे करायचं ते तिथंच बसून, भंगारवाला यायच्या आत.

हातानं करायचं तर उघडा, पीडीएफ करा, नाव द्या, मिटा. फायलीमागे दीड मिनिट धरलं तरी दहा तास. एखाद्या शहाण्या बाईनं रोज साठ करून आठवड्यात संपवल्या असत्या. मी त्यातली नव्हे. एकच काम तिसऱ्यांदा करायची वेळ आली की माझ्या अंगावर काटा येतो, आणि ते टाळायला मी वाटेल तेवढे कष्ट उपसते. आमचे हे म्हणतात, आळसापायी इतकी राबणारी बाई मी पाहिली नाही. तर मी बॅच फाइल लिहायला बसले, म्हणजे कॉम्प्युटरनं ओळीनं पाळायच्या हुकमांची यादी.

बॅचला मराठीत काय म्हणावं यावर लोक तुकडी, गट, गठ्ठा असं काहीबाही सुचवतात. माझ्या डोक्यात एकच शब्द येतो. घाणा.

खणभागातल्या जुन्या घरी दिवाळीच्या आधी चकल्यांचा दिवस ठरलेला असायचा. सोऱ्या दाबायचं काम मामाचं, कारण जोर त्याच्याकडे. आम्हा पोरांकडे वर्तमानपत्राचे चौकोनी तुकडे मांडणं आणि पडलेल्या चकलीचं शेपूट दाबून चिकटवणं. आजी आधी पिठाचा एक कण तेलात टाकायची. तळाशी बसून राहिला तर ‘थांब’. टुणकन वर आला तर ‘आण’. मग सहा चकल्या एका दमात कढईत. बुडबुडे ओसरेपर्यंत कुणी बोलायचं नाही, आणि मोजायचं तर अजिबात नाही. मोजलं की चकल्या कमी भरतात, हा तिचा पक्का हिशेब. (त्या कमी का भरायच्या ते आम्हाला ठाऊक होतं, तिलाही असावं.) पहिला घाणा देवाचा. दुसरा मामाचा, सोऱ्याची मजुरी म्हणून. आमच्या वाट्याला यायचा तो मऊ पडलेला एखादा. अजूनही मला कडक चकली खाताना आपण दुसऱ्या कुणाचं तरी खातोय असं वाटतं.

अनारशाला मात्र घाणा नसतो. तो एकेकटा तळायचा, खसखशीची बाजू वर ठेवून, झाऱ्यानं अंगावर तेल उडवत. एवढे लाड करूनही हसायचा तो हसायचाच. तेलात फिसकटलेल्या अनारशाला ‘हसला’ कुणी म्हटलं असेल? नक्की खाणाऱ्यानं. रडायची पाळी तळणारीवर येते. अनारशांच्या दिवशी आजी स्वयंपाकघराचं दार आतून लोटून घ्यायची.

तर बॅच फाइल. डॉसपासून, म्हणजे विंडोजच्या आधी कॉम्प्युटर ज्यावर चालत त्यापासून, चालत आलेली चीज, आणि डॉस १९८१ चं. एकाखाली एक हुकूम लिहायचे, फायलीच्या नावापुढं डॉट बॅट लावायचं, की झालं. हे मी शिकले विश्रामबागेतल्या एका क्लासमध्ये. चपला बाहेर काढून आत एसीत कुडकुडत बसायचं; कॉम्प्युटरला धूळ चालत नसे, आमचे मोजे चालत. त्या क्लासातलं आता मला ‘फॉर’ तेवढं आठवतं. या फोल्डरात डॉट डॉक म्हणून जे जे असेल, त्या प्रत्येकाचं अमुक कर. घरात असं एका वाक्यात सांगून काम झाल्याचं माझ्या तरी आठवणीत नाही. अडतं ते टक्क्याच्या चिन्हापाशी. हुकूम टाइप करायच्या काळ्या खिडकीत थेट लिहिताना टक्का एकदा द्यायचा, बॅच फायलीत लिहिताना दोनदा. सरांनी कारण सांगितलं असेल. मी टक्केटोणपे खाऊनच शिकले, आणि दर वेळी नव्यानं शिकते.

पीडीएफ करणारा गडी म्हणजे लिब्रे ऑफिस, वर्डसारखं, पण फुकट मिळणारं. त्याला ‘हेडलेस’ असं बजावलं की खिडकी न उघडता मागच्या मागं काम करतं. मुंडकं नाही, नुसतं धड. बिनडोक कामाला बिनडोक माणूस, सोयीचं आहे.

आधी एकाच फायलीवर चालवून पाहिलं. पिठाचा कण. तो काही वर येईना. तक्रार नाही, चूक दाखवणं नाही, नुसती शांतता. अर्धा तास मी अवतरणचिन्हं तपासत बसले. मग लक्षात आलं, मघाशी सहज बघायला म्हणून लिब्रे ऑफिसची एक खिडकी मीच उघडी टाकली होती. मालक घरात दिसला म्हणून धड हूं की चूं न करता परत गेलं होतं. खिडकी मिटली, कण टुणकन वर आला. तोवर साडेचार वाजले. काकूंनी चहा आणि भडंग आणून ठेवलं होतं, बोटं तेलकट, त्यामुळं सगळ्या घाण्याचं एंटर मी करंगळीनं दाबलं.

वर ‘एको ऑफ’ लिहायची रीत आहे, म्हणजे चाललेले हुकूम पडद्यावर उमटत नाहीत. मी लिहीत नाही. कढईसमोरून उठायचं नाही, ही सवय. नानांचं मशीन म्हातारं, एकेका फायलीला पाच-पाच सेकंद घेत होतं, त्यामुळं सरकणारी नावं आरामात वाचता येत होती. आणि नावं तरी काय! डॉसमध्ये फायलीचं नाव आठ अक्षरांत बसवावं लागे. ९५ च्या विंडोजनं ती अट काढली, पण नानांना कुणी नोटीस दिली नसावी. पी-ए-एन-आय-बी-ए-एन-डी. पाणीबंद, बरोब्बर आठ. नाही तर पाणी आणि पुढं दिवस-महिना, चार नि चार आठ. एक होती पाणी एफएनएल दोन, म्हणजे पाणी फायनल दोन. फायनल एक कुठंच सापडली नाही. वर्गणी इंग्रजीत सातच अक्षरांत संपते, म्हणून तिच्या शेपटाला उगाच एक एक्स. सक्ती आठाच्या वर न जाण्याची होती, आठ भरण्याची नव्हती, पण जागा वाया घालवणं नानांच्या स्वभावात नाही.

वर्षावर्षाचे फोल्डर एकामागून एक गेले. २०१९ लागलं. जानेवारी, मार्च, मे, पाणी, पाणी, पाणी. आणि मग पी-ए-एन-आय-ए-ए-एल-ई.

पाणीआले. तेही आठच.

कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पुराची धोक्याची पातळी ४५ फूट. त्या ऑगस्टात पाणी ५७ च्या वर गेलं. नाना आणि काकू आठ दिवस आमच्याकडे दुसऱ्या मजल्यावर होते. नानांनी पहिल्या खेपेला वर काय आणलं, तर हा कॉम्प्युटर. काकूंचे पापड-कुरडयांचे डबे खालीच राहिले, त्यावरून दोघांचा दोन दिवस अबोला होता, आणि एका खोलीत सात माणसं असताना अबोला धरणं किती अवघड असतं ते आम्ही पाहिलंय. ही नोटीस मात्र मला आठवेना. नोटिशींचा बोर्ड जिन्याखाली. सगळ्यात आधी तोच बुडाला असणार.

घाणा उतरला. पुढं जायला कोणतीही कळ दाबा, म्हणाली काळी खिडकी. ४१२ च्या ४१२, एकही हसली नाही. मी कळ दाबली आणि ती एक फाइल हातानं उघडली.

नेहमीच्याच नोटिशीवर नानांनी घाईत हात फिरवला होता. ‘सर्व सभासदांस कळविण्यात येते की, पाणी येत आहे.’ तळमजल्यावरील सभासदांनी सामान वर हलवावे, वरील सभासदांनी दारे उघडी ठेवावीत, एवढी एक ओळ नवी. खाली जुनाच मजकूर तसाच राहिलेला. सभासदांनी पिण्याचे पाणी भरून ठेवावे. तसदीबद्दल क्षमस्व.