वाट वाकडी करून ल शाँबोंला

तांसला पोचले तेव्हा बुटांतून पाणी पचपच वाजत होतं. जिनिव्हाहून निघाल्याला सोळावा दिवस. जिनिव्हा ते फ्रान्समधलं ल पुई ही साधारण साडेतीनशे किलोमीटरची पायवाट, स्पेनमधल्या सांतियागोच्या यात्रेचा एक फाटा. आळंदी-पंढरपूर मी मावशीच्या दिंडीतून दोनदा चालले आहे. तिथे एकटेपणा मागून मिळत नाही, इथे दिवसात दोन माणसं भेटली तरी गर्दी वाटते. टाळ नाही, मृदंग नाही, चहाचा टेम्पो तर नाहीच. खांबाखांबावरची शिंपल्याची खूण शोधत जायचं.

मुक्कामाला मात्र वारी आठवते. या वाटेवर कितीतरी घरं यात्रेकरूंना ठेवून घेतात. जेवण, अंथरूण, आणि सकाळी निघताना टोपलीत जमेल ते ठेवायचं. कोणी मोजत नाही. तांसच्या आजींनी दार उघडलं, माझ्या तोंडाकडे न बघता आधी पायांकडे बघितलं. बूट काढून घेतले, त्यांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबले आणि शेगडीपासून हातभर लांब ठेवले. "जवळ नको. शाँबोंला एकदा जळलेत," म्हणाल्या आणि हसल्या.

ती गोष्ट अशी. 1940-41चा हिवाळा, बाहेर बर्फ. ल शाँबों-सुर-लिन्यों हे दुसऱ्या महायुद्धात ज्यूंना लपवणारं गाव, तिथल्या पाद्र्याच्या घराचं दार एका बाईने वाजवलं. जर्मनीतून पळून आलेली ज्यू बाई. पाद्रीणबाई माग्दा त्रोक्मे म्हणाल्या, या ना आत. ओले बूट वाळायला ओव्हनमध्ये ठेवले आणि बाईसाठी कागदपत्रं मागायला महापौरांकडे गेल्या. त्यांनी साफ नकार दिला, वर तिला घालवून द्या म्हणाले. माग्दाबाई परत येऊन बघतात तर बुटांचा कोळसा. आता परक्या बाईला, त्या टंचाईत, दुसरे बूट कुठून आणायचे?

मला ही गोष्ट फार आवडली, कारण तिच्यात घोळ आहे. "सगळं गाव संतांचं" असं म्हटलं की माझा विश्वासच उडतो.

दुसऱ्या दिवशी ल पुईची वाट सोडून लिन्यों नदीच्या वरच्या अंगाला आठ-नऊ किलोमीटर गेले. जवळपास हजार मीटर उंचीचं पठार, पाईनची रानं, काळ्या-करड्या दगडांची एकटीदुकटी शेतघरं. जुन्या मीटर गेजचे रूळ मधूनमधून दिसतात. आता त्यावर पर्यटकांची गाडी धावते. युद्धात याच गाडीने ज्यू मुलं लपायला आली, हातात एखादी पेटी घेऊन.

इथले लोक पिढ्यान्‌पिढ्यांचे प्रोटेस्टंट. चर्चला ते 'ताँप्ल' म्हणतात, म्हणजे देऊळच की. 1685मध्ये चौदाव्या लुईने त्यांचा धर्म बेकायदा ठरवला, तेव्हापासून पाद्री लपवणं, रानात प्रार्थना करणं या घरांच्या अंगवळणी पडलेलं. देवळाच्या दारावर दगडात कोरलंय, 'एकमेकांवर प्रेम करा'. फ्रान्सने शरणागतीचा करार केला 22 जून 1940ला. दुसऱ्याच दिवशी, रविवारी, पाद्री आंद्रे त्रोक्मे (माग्दाबाईंचे यजमान) आणि त्यांचे सहकारी एदुआर तेस यांनी याच देवळात सांगितलं, की जुलमाला आत्म्याच्या शस्त्रांनी विरोध करायचा.

ऑगस्ट 1942मध्ये पोलीस बस घेऊन आले आणि त्रोक्मेंकडे ज्यूंची यादी मागितली. त्यांनी दिली नाही. मुलं शेतघरांत, रानात पांगली होती. शोध बरेच दिवस चालला, पण हाती जेमतेम कोणी लागलं. किती जणांना या पठाराने लपवलं यावर इतिहासकारांत वाद आहे, पण आकडा हजारांतच जातो. 1990मध्ये इस्रायलच्या याद वाशेम या ज्यू नरसंहाराच्या स्मारक-संस्थेने एकट्यादुकट्याचा नव्हे, या गावाचा आणि आसपासच्या गावांचा सन्मान केला.

देवळासमोरच्या संग्रहालयात मी दानिएल त्रोक्मेंपाशी थांबले. पाद्र्यांच्या नात्यातले, तरुण शिक्षक. 29 जून 1943ला गेस्टापोने, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, 'मेझाँ दे रोश' या विद्यार्थ्यांच्या घरावर धाड घातली, तेव्हा ते दुसरीकडे होते. पळता आलं असतं. ते मुलांकडे गेले आणि पकडले गेले. एप्रिल 1944मध्ये मायदानेकच्या छळछावणीत वारले.

बाहेर बाकावर पाव खात बसले आणि नकाशा उघडला. इथून काही जणांना चोरून स्वित्झर्लंडला पोचवत, आधी रेल्वेने, मग सरहद्दीजवळ रात्री पायी. म्हणजे मी आले त्याच्या उलट दिशेने. पहिल्या दिवशी मी ती सरहद्द ओलांडली ती कधी, ते मला कळलंसुद्धा नव्हतं. शिंपला कुठल्या खांबावर आहे ते बघत होते.

संध्याकाळी पुन्हा तांस. पुन्हा पाऊस, पुन्हा तेच दार. सकाळी निघताना टोपलीत किती ठेवावं यावर मी बराच वेळ घुटमळले. आजींचं लक्षच नव्हतं. माझ्या बुटांतले बोळे एकेक उलगडून त्या शेगडीच्या दांडीवर वाळत घालत होत्या, पुढच्यासाठी.