पाऊण तोळा

कोल्हापुरात कुठल्याही दुकानात जाऊन 'जरा हलक्यातलं दाखवा' असं म्हणून बघा. दुकानदार आधी तुमच्या तोंडाकडे बघतो, मग पायातल्या चपलेकडे, आणि मग सगळ्यात खालच्या फळीवरचा, धूळ बसलेला माल काढतो. त्याची तरी काय चूक? आपल्या भाषेत हलकं म्हणजे जितकं कमी वजनाचं तितकंच कमी प्रतीचं. उलट, वजन असलेला माणूस म्हणजे ज्याच्या शब्दावर कामं होतात असा. त्यातून हे गाव पैलवानांचं. इथं गंगावेशीत म्हशीचं धारोष्ण दूध उभ्या उभ्या पितात आणि पोरगं बाळसेदार दिसलं की 'लई भारी' म्हणतात. अशा गावात तीन महिने मी एक हलकी वस्तू शोधत होतो. माझ्या टेबल टेनिसच्या बॅटला मागच्या बाजूनं लावायचं रबर.

'टेबल टेनिस? कोल्हापुरात?' हा प्रश्न मला सवयीचा आहे. इथं खेळ म्हणजे खासबागेतली कुस्ती, नाहीतर शाहू स्टेडियमवरचा फुटबॉल. दोन तालमींची मॅच असली की पेठाच्या पेठा रिकाम्या होतात. आमच्या खेळाला अडीच प्रेक्षक. त्यातला अर्धा म्हणजे हॉलचा वॉचमन, कारण त्याचं एक लक्ष मोबाइलमध्ये असतं. दोन टेबलं, त्यातल्या एकाच्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी. गेली तीस-पस्तीस वर्षं संध्याकाळी साडेसात ते नऊ मी तिथं असतो.

आणि मी पेनहोल्डवाला आहे. बाकीचे सगळे शेकहँड, म्हणजे हस्तांदोलन केल्यासारखी मूठ धरणारे. आम्ही बॅट पेनासारखी धरतो. पुढून अंगठा आणि तर्जनी मुठीला कवेत घेतात, मागून उरलेली तीन बोटं टेकू देतात, आणि बॅटचं तोंड जमिनीकडे. मला हे काकांनी शिकवलं. त्यांच्या वेळी बॅटला रबर एकाच बाजूला. फोरहँड त्याच बाजूनं, बॅकहँडही त्याच बाजूनं. पाठीमागे नुसतं लाकूड. बॅकहँडला चेंडू आला की मनगट न वळवता तोंड समोर धरायचं आणि ढकलायचं. दाराला आतून कडी लावून पाठ टेकून उभं राहावं, तसा तो खेळ होता. २००४ साली अथेन्सच्या ऑलिंपिकला कोरियाच्या रू संग-मिननं अशाच एका बाजूच्या बॅटनं चीनच्या वांग हावला हरवून सुवर्ण घेतलं, तेव्हा काकांनी सगळ्या गल्लीला पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले होते. 'बघ, एकाच बाजूनं!' हे वाक्य त्यांनी पुढं वर्षभर पुरवलं.

पण गंमत अशी की त्या दिवशी जो हरला त्याचीच पद्धत पुढं टिकली. बॅटच्या पाठीलाही रबर लावायचं आणि मनगट उलटं फिरवून त्या पाठीनं बॅकहँड मारायचा, ही चाल चीनच्याच लिऊ ग्वोलियांगनं नव्वदच्या दशकात मोठ्या मैदानात आणली आणि वांग हावनं तिच्यावर अख्खा बॅकहँड उभा केला. बिचारा तीन ऑलिंपिकच्या एकेरीत रौप्यावरच राहिला, २००९ चं जगज्जेतेपद मात्र मिळालं. आता तर एकाच बाजूनं खेळणारा मोठ्या स्पर्धेत औषधालाही सापडत नाही. २०२४ ला पॅरिसमध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं नेमबाजीत कांस्य आणलं, तेव्हा सगळं कोल्हापूर रस्त्यावर होतं. त्यानंतर तीनच दिवसांनी फ्रान्सच्या सतरा वर्षांच्या फेलिक्स लेब्रूनं पेनहोल्ड धरून टेबल टेनिसचं कांस्य घेतलं. त्याचा आनंद साजरा करायला गावात आम्ही दोघंच. मी आणि माझा पुतण्या.

तोच म्हणाला, 'काका, आता तरी मागनं रबर लावा की. किती दिवस ढकलत बसणार?'

पन्नाशी उलटल्यावर माणसाला असं कोणी डिवचू नये. मी रबर लावलं. तेही कसलं? पुढं होतं तेच, चिनी, चिकट, खालच्या अंगाला कडक स्पंज असलेलं, दोन पूर्णांक एक मिलिमीटर जाडीचं. बांगड्या घेताना दोन्ही हातांना सारख्या घ्याव्यात इतपतच विचार त्यामागं होता. पाठीमागचं काम वेगळं असतं, हे डोक्यातच आलं नाही. पाठीनं माझ्याच्यानं काय होणार होतं? टेबलावरचा आखूड चेंडू उचलायचा, आलेला टॉपस्पिन, म्हणजे पुढं गरगरत येणारा चेंडू, थोपवायचा, आणि दहातून एकदा जोरात मारायचा. त्या एकासाठी बाकीच्या नऊ वेळा ओझं.

महिन्याभरात मनगट बोलायला लागलं. आधी कुरकूर, मग ठणका. घरात ते उघडं पडलं लोणच्याच्या बरणीपाशी. आमच्याकडं घट्ट बसलेली झाकणं उघडणं हे माझं खातं. त्या दिवशी झाकण फिरेना. बायकोनं बरणी काढून घेतली, माझ्या मनगटाकडं बघितलं आणि म्हणाली, 'अहो, तीन ग्रॅमचा चेंडू मारता आणि हात धरून बसता गदा फिरवल्यासारखा.'

चेंडू तीन ग्रॅमचाही नाही, दोन पूर्णांक सात ग्रॅमचा असतो, हे मी तेव्हा बोललो नाही. पण गदेचं तिचं बोलणं चुकीचं नव्हतं. हातोडी दांड्याच्या टोकाला धरून बघा आणि मग तोंडाजवळ धरून बघा. वजन तेच, हाताला लागणारा भार वेगळा. रबर म्हणजे मुठीपासून लांब, पार पात्याच्या टोकापर्यंत पसरलेलं वजन. शेकहँडवाला ते सगळ्या तळव्यानं पेलतो. आमच्याकडं सगळा कारभार दोन बोटांच्या चिमटीत आणि मधल्या बोटाच्या पेरावर. त्यात हा उलटा बॅकहँड. थापलेली भाकरी परातीतून उचलून तव्यावर टाकताना बायकांचं मनगट कसं उलटतं, तसं मनगट आधी आत वळवायचं आणि मग बाहेर उघडायचं. भाकरी एक होते, दोन होतात. इथं एका संध्याकाळी तीन-चारशे.

तर हलकं रबर हवं. इथून माझी खरी यातायात सुरू झाली. गावातल्या दुकानांत तयार बॅटा मिळतात, सुटं रबर विचारलं की फुटबॉलचं ब्लॅडर दाखवतात. म्हणून बाहेरच्या एका विक्रेत्याला फोन लावला. म्हटलं, 'एकाच नावाच्या रबरांतही दोन-चार ग्रॅमचा फरक असतो. तुमच्याकडं जेवढी आहेत त्यातलं सगळ्यात हलकं पाठवा.' तो दुखावला. 'साहेब, आपल्याकडं हलका माल नसतोच. सगळं ओरिजिनल.'

मी पुन्हा समजावून सांगितलं. तो पुन्हा म्हणाला, 'गॅरंटी देतो, हलकं निघालं तर परत घेतो.' मी फोन ठेवला.

मग पुतण्यानं शिकवणी घेतली. स्पंज जितका दाट आणि कडक तितका जड. मऊ, मोठ्या छिद्रांचा स्पंज हलका. जाडी कमी केली की वजन उतरतं, पण जाडी कमी म्हणजे जोरात मारताना चेंडू स्पंजातून खाली जाऊन लाकडावर आपटतो, मग फिरकी राहत नाही आणि वेगाचाही भरवसा राहत नाही. वरच्या अंगाला आखूड दाणे असलेलं रबर घेतलं तर आणखी हलकं होईल, पण मग टॉपस्पिनचा हट्ट सोडायचा. तो मला सोडायचा नव्हता, कारण तेवढ्यासाठीच तर हे सगळं चाललं होतं. रंगाचाही एक घोळ झाला. २०२१ पासून काळ्याच्या जोडीला लाल सोडून गुलाबी, निळा, हिरवा, जांभळा असे रंगही चालतात. पुतण्याला गुलाबी हवं होतं. मी म्हटलं, हलकंही आणि वर गुलाबीही, मग हॉलमध्ये तोंड दाखवायची सोय नाही. लालच मागवलं. मऊ स्पंज, एक पूर्णांक आठ.

आलं तेव्हा हातात घेऊन बघितलं. हलकं वाटलं. पण पैसे मोजल्यावर सगळंच हवं तसं वाटतं. घरातला काटा रव्या-साखरेचा, पाच ग्रॅमच्या आतलं त्याला कळत नाही. मग आठवलं, आपल्या गावात ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत खरं बोलणारे काटे एकाच गल्लीत ओळीनं मांडलेत.

गुजरीत माझा एक वर्गमित्र सराफ आहे. नवं रबर बॅटच्या मापानं कापून घेतलं, जुनं सोलून काढलं, दोन्ही वर्तमानपत्रात गुंडाळली आणि दुपारी त्याच्या पेढीवर गेलो. गादीवर एक बाई सुनेसाठी साज बघत बसलेल्या. मी पुडकं सोडलं. मित्रानं चष्मा कपाळावर घेतला.

'हे काय?'

'वजन कर.'

'कशाचं रे मर्दा?'

'रबर आहे. कर तू.'

काचेच्या पेटीतला काटा. त्यानं दार सरकवलं, जुनं रबर चिमट्यानं उचलून, अगदी पाटली ठेवावी तसं ठेवलं आणि दार लावलं. आकडा थरथरला, थांबला. सत्तेचाळीस पूर्णांक पंधरा. मग नवं. अडतीस पूर्णांक वीस. मित्रानं तोंडातल्या तोंडात वजाबाकी केली आणि त्याचा चेहराच बदलला. 'अरे, पाऊण तोळ्याला वर फरक आहे की!'

साज बघणाऱ्या बाईही वळून बघायला लागल्या. पाऊण तोळा म्हटल्यावर त्या रबराला एकदम इज्जत आली. मी त्याला सांगितलं की नुसत्या बॅटचं लाकूड चौऱ्याऐंशी ग्रॅम, त्यामुळं पाऊण तोळा म्हणजे काही थोडं नव्हे. तो म्हणाला, 'जुन्यावर गोंद दिसतोय, त्याची घट धरली नाहीस.' मी म्हटलं, 'धर की.' 'मग अर्धा-एक ग्रॅम जाईल,' म्हणाला, आणि वर, 'मजुरी लावू का?'

खरं सांगायचं तर त्या पाऊण तोळ्यातला सगळा वाटा स्पंजाचा नव्हता. नवं कापताना मी मुठीजवळ, जिथं मागची बोटं टेकतात, तिथं दीड सेंटिमीटरची पट्टी सोडून दिली होती. बोटांखालचा भाग उघडा ठेवायला नियमाची हरकत नाही. इतकी वर्षं माझी बोटं ज्या रबरावर टेकून बसली होती, ते रबर एकाही चेंडूला लागत नव्हतं. त्याचं ओझं मात्र रोज उचलत होतो.

चिकटवायचं काम रात्री. आता पाण्यातला गोंद असतो, दुधासारखा पांढरा. तो वाळून पारदर्शक झाला की रबर लावायचं आणि वरून लाटणं फिरवायचं. लाटणं स्वयंपाकघरातून घेताना आवाज होऊ दिला नाही. आमच्या तरुणपणी सायकलच्या पंक्चरचं सोल्युशन लावायचो. रबर फुगायचं, चेंडू बंदुकीसारखा सुटायचा, आणि खोलीभर असा वास की डोकं गरगरायचं. २००८ पासून तसली द्रावणं स्पर्धांतून हद्दपार झाली. बरंच झालं, तरी तो वास कुठं आला की माझा हात अजून आपोआप सर्व्हिसला उचलतो.

पहिल्या दिवशी सगळे चेंडू टेबलाबाहेर. हाताला ओढायची सवय लागलेली आणि ओढायला काही उरलंच नव्हतं. भरलेली समजून रिकामी घागर उचलावी तसा हात वर जायचा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी आखूड चेंडूवर मनगट आत वळलं, उघडलं, आणि चेंडू जाळ्यावरून वाकून समोरच्या कोपऱ्यात उतरला. पलीकडं आमचे निवृत्त सर होते. बारा वर्षं माझ्या बॅकहँडला पुस्तक पाठ असल्यासारखे खेळत आलेले. ते चेंडू आणायला न जाता तिथंच उभे राहिले. 'काय बदललं ओ?'

'काही नाही सर.'

नऊ ग्रॅम बदलले, असं सांगितलं असतं तर ते हसले असते. पुढच्या गेमला सरांनी एकदम ताकदीनं पाठीवर मारा सुरू केला आणि एक पूर्णांक आठ जाडीची लाज निघाली. टक्कन लाकडाचा आवाज यायचा आणि चेंडू मरून पडायचा. गेम नऊ-अकरानं गेला. तरीही माझं मत असं झालंय की आमच्या वयाच्या पेनहोल्डवाल्यानं पाठीला जाड रबर लावू नये. सर असे रोज थोडेच मारतात? गुरुवारी तर ते येतच नाहीत.

जुनं रबर टाकवेना. चांगले पैसे गेलेले. ओट्यावर पडलं होतं, ते बायकोनं उचललं, उलटसुलट बघितलं, चिकट बाजू लोणच्याच्या झाकणावर ठेवली आणि पिळलं. झाकण फट्कन सुटलं. आता ते मिसळणाच्या डब्याशेजारी, खिळ्याला टांगलेलं असतं. माझं मनगट बरंय. पण बरणी उघडायला मला कोणी हाक मारत नाही.