नागपूरच्या उन्हाळ्यात जुन्या एमजीबीला कोणते कूलंट द्यावे?

नागपुरात अँटिफ्रीझ, म्हणजे पाणी गोठू न देणारे कूलंट, विकत घेणे हा प्रकार वरवर पाहता विनोदीच आहे. डिसेंबर २०१८ मध्ये शहराचा पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला तेव्हा त्याची बातमी झाली, पण रेडिएटरमधले पाणी गोठण्याची वेळ तेव्हाही आली नाही. आपली काळजी उन्हाळ्याची. नवतपा, म्हणजे मे अखेरचे सर्वांत कडक नऊ दिवस, लागला आणि पारा पंचेचाळिशीपार गेला की सिग्नलवर उभ्या असलेल्या जुन्या गाडीच्या तापमानाच्या काट्याकडे वारंवार नजर जाते, ती काळजी. त्यामुळे रेडिएटरमध्ये ग्लायकॉल, म्हणजे अँटिफ्रीझमधला मुख्य द्रव, टाकायचेच कशाला, साधे पाणी का नको, हा जुन्या मिस्त्रींचा प्रश्न मला कधीच अडाणीपणाचा वाटला नाही. त्याचे उत्तर गंजाशी निगडित आहे, आणि ते नीट समजले की मिश्रणाचे प्रमाणही बरेचसे आपोआप ठरते.

माझी एमजीबी, म्हणजे ब्रिटिश एमजी कंपनीची छोटी स्पोर्ट्स कार, १९६९ सालची आहे आणि ती मामांकडून माझ्याकडे आली. हे मॉडेल १९६२ ते १९८० या काळात इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात तयार होत असे. तिचे १७९८ सीसीचे इंजिन बीएमसीच्या (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या) बी-सिरीजचे, म्हणजे आपल्या ॲम्बॅसडरमध्ये अनेक वर्षे बसलेल्या १४८९ सीसी इंजिनाचे थोरले भावंड. त्यामुळे बॉनेट उघडताच इथला कुठलाही वयस्क मिस्त्री "काका, हे तर ॲम्बॅसडरचंच घराणं" म्हणून मोकळा होतो. ब्लॉक आणि हेड दोन्ही बिडाचे, म्हणजे कास्ट आयर्नचे. रेडिएटरच्या नळ्या तांब्याच्या, टाक्या पितळेच्या आणि हे सगळे शिसे-कथलाच्या डागाने जोडलेले. एकाच पाण्यात इतके निरनिराळे धातू असले की त्या पाण्याची जवळजवळ बॅटरीच होते आणि विद्युत-रासायनिक क्रियेत कोणता ना कोणता धातू झिजत राहतो. हे थांबवणारी रसायने कूलंटच्या कॉन्सन्ट्रेटमध्ये, म्हणजे पाणी न घातलेल्या मूळ द्रवात, मिसळलेली असतात, आणि नागपूरकराने पैसे मोजायचे ते मुख्यतः त्या रसायनांसाठी.

उष्णता वाहून नेण्याचे काम पाणीच सर्वांत चांगले करते. पाण्याची विशिष्ट उष्णता साधारण ४.२, तर शुद्ध एथिलीन ग्लायकॉलची २.४ च्या आसपास असते. उष्णतावहनाच्या बाबतीत तर ग्लायकॉल पाण्याच्या निम्म्यानेही नाही, शिवाय ते पाण्याहून बरेच दाट असते. म्हणजे मिश्रणात ग्लायकॉल जितके जास्त, तितका रेडिएटर आपल्या कामात मंद. डब्यावर छापलेले निम्मे-निम्मे प्रमाण उणे ३७ अंशांच्या आसपासपर्यंत गोठू न देण्यासाठी असते, आणि ती गरज लडाखला जाणाऱ्याची आहे, नागपूरजवळच्या बुटीबोरीपर्यंत चक्कर मारून येणाऱ्याची नाही. उकळबिंदू वाढतो हा युक्तिवाद खरा आहे, पण तो फार ताणू नये: निम्म्या मिश्रणाने उकळबिंदू साध्या हवेच्या दाबाला सात-आठ अंशांनी वर जातो, तर रेडिएटरच्या १० पौंड दाब धरणाऱ्या धड झाकणाने निव्वळ पाण्याचाच उकळबिंदू ११५ अंशांच्या जवळ पोहोचतो.

म्हणून माझे प्रमाण ३० टक्के कॉन्सन्ट्रेट आणि ७० टक्के पाणी असे आहे. गंजरोधक रसायने पुरेशी राहतात, थंड करण्याची पाण्याची क्षमता फारशी घटत नाही, आणि उणे १५ अंशांच्या आसपासपर्यंतचे संरक्षण फुकटात मिळते, जे डिसेंबरातल्या चिखलदऱ्यालाही पुरून उरते. पंचवीस टक्क्यांच्या खाली मात्र मी जाणार नाही, कारण तिथे रसायनांचेच प्रमाण अपुरे पडू लागते. बाजारात 'रेडी टू यूज' म्हणून जे कॅन मिळतात त्यांत किती ग्लायकॉल आहे हे लेबलवर स्पष्ट लिहिलेले नसेल, तर ते घेऊ नयेत. त्यात आणखी पाणी मिसळणे तर दूरच.

आता पाणी. आपल्याकडे बोअरचे पाणी किती जड आहे, हे पाहायला प्रयोगशाळेत जावे लागत नाही. जूनअखेर डेझर्ट कूलर पुसायला काढला की गवताच्या पॅडवर आणि टाकीच्या कडेला खडूसारखा पांढरा थर चिकटलेला असतो, बोटाने उकरला तर पापुद्रे निघतात. तोच क्षार ब्लॉकच्या आतल्या गरम भिंतींवर, म्हणजे नेमका जिथे उष्णता पाण्यात उतरायला हवी तिथे बसतो, आणि तो काढायला कोणाचेही बोट पोहोचत नाही. नळाचे पाणी बोअरपेक्षा बरे असले तरी ते क्षारमुक्त नसते. घरच्या आरओच्या पाण्यातही काही क्षार राहतातच. अनेक यंत्रांत तर चवीसाठी मूळ पाण्याचा थोडा अंश मुद्दाम परत मिसळलेला असतो. बॅटरीसाठी मिळणारे डिमिनरलाइज्ड पाणी स्वस्त असते, तेच वापरावे. एसीच्या नळीतून ठिबकणारे पाणी साठवून वापरण्याची कल्पना आमच्या जुन्या गाडीवाल्यांच्या गटातल्या एका काटकसरी मित्राने मांडली होती. त्या पाण्यात क्षार नसतात हे खरे, पण कॉइलवरची धूळ आणि धातूचे अंश सोबत येतात, आणि चाळीस-पन्नास रुपयांसाठी मी तो खटाटोप करणार नाही.

कोणत्या प्रकारचे कूलंट घ्यावे, या प्रश्नावर जुन्या गाडीवाल्यांमध्ये सर्वांत जास्त वाद होतात. ढोबळमानाने दोन घराणी आहेत. जुन्या पद्धतीच्या कूलंटमध्ये सिलिकेट, फॉस्फेट, बोरेट अशी अजैविक रसायने असतात. ती धातूवर पटकन एक पातळ संरक्षक थर बसवतात, पण लवकर संपतात, म्हणून साधारण दोन वर्षांनी बदलावी लागतात. नव्या पद्धतीच्या कूलंटमध्ये सेंद्रिय आम्लांचे क्षार असतात, त्यांना ओएटी म्हणतात. ती पाच वर्षे टिकतात आणि ॲल्युमिनियमच्या आधुनिक इंजिनांसाठी उत्तम आहेत. मात्र शिशाचा डाग आणि जुन्या गास्केट-सीलच्या बाबतीत ओएटीविषयी तक्रारी आहेत, आणि ब्रिटनमधल्या जुन्या गाड्यांच्या संघटनांनीही आपल्या सभासदांना अजैविक प्रकारच वापरण्याचा सल्ला दिलेला आहे. मी तो सल्ला पाळतो. माझ्या गाडीचा रेडिएटर अजून मूळचा, डाग लावलेला आहे. पाच वर्षे टिकणारे कूलंट त्यात भरून मला वाचणार काय, तर मधला एक रविवार.

रंगावर मात्र मुळीच विसंबू नये. हिरवे म्हणजे जुने आणि लाल किंवा नारिंगी म्हणजे नवे, असे दुकानदार छातीठोकपणे सांगतात. प्रत्यक्षात रंग ही उत्पादकाची मर्जी आहे, आणि हिरव्या रंगाचे ओएटी सर्रास मिळते. डबा फिरवून मागची बारीक अक्षरे वाचावीत: सिलिकेटचा उल्लेख आहे का, आयएस ५७५९ (भारतीय) किंवा जेआयएस के २२३४ (जपानी) असे मानक दिले आहे का, बदलण्याची मुदत किती लिहिली आहे. मुदत पाच वर्षांची असेल तर ते बहुधा ओएटीच. दोन्ही प्रकार एकमेकांत मिसळू नयेत, कारण त्यांची रसायने एकमेकांना निकामी करतात आणि कधीकधी गाळही धरतो. पूर्वी रेडिएटरमध्ये सोल्युबल ऑइल, म्हणजे पाण्यात मिसळणारे तेल, ओतण्याची पद्धत होती. गंज त्याने रोखला जाई, पण रबरी पाइप फुगत. ती आता सोडलेलीच बरी.

हे सगळे निवडून झाले तरी घाणेरड्या ब्लॉकमध्ये नवे कूलंट ओतणे व्यर्थ आहे. खालचा पाइप सोडला की रेडिएटर रिकामा होतो, ब्लॉक होत नाही. ब्लॉकच्या बाजूला पितळेची एक छोटी तोटी असते. बहुतेक गाड्यांत ती उघडली तरी थेंबही येत नाही. माझ्या गाडीतही आला नाही. ती पूर्ण काढून भोकात जाड तार घातली, तर आधी ओल्या विटेच्या चुऱ्यासारखा लगदा बाहेर आला, आणि तार आणखी आत फिरवल्यावर तपकिरी पाण्याची चिळकांडी थेट मिस्त्रींच्या शर्टावर उडाली. हा गाळ मागच्या सिलिंडरांभोवती साचतो, आणि गाडी तापण्याचे खापर बिचाऱ्या रेडिएटरवर फुटते. दोन्ही दिशांनी पाणी सोडून ते स्वच्छ येईपर्यंत धुवावे, आणि शेवटची धुलाई डिमिनरलाइज्ड पाण्यानेच करावी.

भरताना कॉन्सन्ट्रेट आधी ओतावे आणि मग पाण्याने पातळी गाठावी, कारण धुतल्यानंतर ब्लॉकमध्ये थोडे पाणी उरलेलेच असते आणि ते हिशेबात धरले नाही तर मिश्रण पातळ होते. एमजीबीत साधारण साडेपाच लिटर मावते. त्याचे ३० टक्के म्हणजे जवळजवळ १.६५ लिटर. हीटरचा व्हॉल्व्ह उघडा ठेवावा, नाहीतर हवा अडकते.

झाकणाबद्दल थोडे. सुरुवातीच्या एमजीबींना ७ पौंडांचे आणि नंतरच्यांना १० पौंडांचे, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ०.७ किलो दाबाचे झाकण असे. दुकानात मागितले की ०.९ किंवा १.१ किलोचे हातात ठेवतात, आणि "जास्त दाब म्हणजे चांगलंच की" असेही सांगतात. पन्नास वर्षांपूर्वीचा डाग आणि हीटरची नाजूक कोअर यांना तो सल्ला मानवत नाही. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, काढून फेकण्याचाही सल्ला मिळेल. त्याऐवजी उष्ण प्रदेशांसाठी ठरवलेला ७४ अंशांचा बसवावा. तो गरम दुपारी इंजिनाचे कमाल तापमान खाली आणणार नाही, पण जानेवारीतल्या सकाळी इंजिन अर्धवट थंड राहून झिजणे तरी टळेल.

या गाडीला एक्स्पान्शन टाकी, म्हणजे तापून फुगलेले कूलंट साठवणारी वेगळी टाकी, नाही. काठोकाठ भरले की गरम झाल्यावर जास्तीचे कूलंट नळीवाटे रस्त्यावर सांडते आणि पातळी झाकणाखाली इंचभर येऊन स्थिरावते. ही गळती नव्हे. पातळी कमी दिसली म्हणून दर वेळी बाटलीतले पिण्याचे पाणी ओतणारे लोक उन्हाळाअखेर ३० टक्क्यांचे १५ टक्के करून बसतात. डिकीत त्याच प्रमाणात कालवलेल्या मिश्रणाची एक लिटरची बाटली ठेवावी आणि तिच्यावर ठळक अक्षरांत विष असे लिहावे. एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असते आणि मूत्रपिंडे निकामी करते. गॅरेजमधली जमीन त्यासाठीच काम संपताच भरपूर पाण्याने धुवायची, आणि काढलेले जुने कूलंट उघड्या घमेल्यात न ठेवता झाकणाच्या कॅनमध्ये भरायचे, कारण आमच्या गल्लीतली कुत्री उन्हाळ्यात दिसेल त्या पाण्याला तोंड लावतात.