समुपदेशनाला पहिल्यांदा जाताना

बाबा गेल्यावर माझी झोप उडाली. पहाटे जाग यायची आणि तेच सुरू व्हायचं, छातीत जळजळतंय म्हणाले तेव्हाच दवाखान्यात नेलं असतं तर? वर्ष उलटलं तरी थांबेना. फॅमिली डॉक्टरांनी आधी थायरॉइड आणि बी-१२ तपासून घेतलं. रिपोर्ट नॉर्मल आले, तेव्हा त्यांनी समुपदेशन सुचवलं.

जायचं कुणाकडे? गोळ्या देतात ते सायकियाट्रिस्ट, म्हणजे डॉक्टर. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट बोलण्यातून उपचार करतात आणि त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते. शिक्षण काय, नोंदणी आहे का, फी किती, हे मी फोनवरच विचारलं. तुम्हीही संकोच न करता विचारा.

पहिल्या भेटीत सल्ला मिळेल असं वाटलं होतं, पण सायकॉलॉजिस्ट मॅडम प्रश्नच विचारत राहिल्या. झोप, भूक, घरात कोण कोण, पूर्वी कुणाला असा त्रास होता का. जीव द्यावासा वाटतो का, हेही सरळ विचारलं. मी दचकले, पण ते सगळ्यांनाच विचारतात. इथलं बोलणं बाहेर जाणार नाही, २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने तो तुमचा हक्कच आहे, असं त्यांनी सांगितलं. जिवाला धोका दिसला तरच त्या इतरांना कळवणार होत्या.

खरं काम पुढच्या भेटींत झालं. मॅडम अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांच्या विवेकनिष्ठ पद्धतीने काम करतात, म्हणजे घटनेपेक्षा तिच्याबद्दलचा आपला विचार तपासायचा. वहीत तीन रकाने करायचे, घटना, विचार, परिणाम. मी 'बाबा गेले' लिहिलं, 'झोप नाही, अपराधी वाटतं' लिहिलं आणि मधला रकाना मोकळाच ठेवला. त्यांनी तिथेच बोट ठेवलं. बऱ्याच वेळाने मी लिहिलं, 'मला तेव्हाच कळायला हवं होतं.'

"त्या संध्याकाळी तुम्हाला काय काय माहीत होतं?" त्यांनी विचारलं.

ॲसिडिटी आहे, असं बाबा स्वतःच म्हणत होते. गोळी घेऊन जेवलेही होते. एवढंच माहीत होतं मला. हे मोठ्याने सांगताना मी हमसून रडले. मॅडम म्हणाल्या, दुःख राहील, खंतही राहील, ती माणसाला वाटतेच. आपल्याला काम करायचंय ते स्वतःला दोषी ठरवण्यावर.

त्यानंतरचे दोन दिवस फार वाईट गेले. असं होऊ शकतं, हे त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं, म्हणून मी पुन्हा गेले. नव्याने जाणाऱ्या प्रत्येकाला मला हे सांगावंसं वाटतं, कारण नेमकं इथेच सोडून द्यावंसं वाटतं.

आता झोप बरीच सुधारली आहे. वही अजून लिहिते.

समुपदेशकाशी सूर जुळला नाही तर दुसरा बघा, त्यात गैर काही नाही. फी झेपत नसेल तर सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६. तिथे चोवीस तास, मोफत आणि मराठीतही बोलता येतं.