नायटा आणि ती ट्यूब

मांडीला नायटा झाला, मेडिकलमधून ट्यूब आणली, चार दिवसात खाज गायब, मी खूश, आणि महिन्याभरात चट्टा बशीएवढा होऊन पार कमरेपर्यंत. स्किनच्या डॉक्टरबाई ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचून म्हणाल्या, अहो यात स्टिरॉइड आहे, खाज दबते पण बुरशी मजेत वाढते.

मग घरी वाचत बसलो. आपल्याकडच्या या हट्टी बुरशीला २०२० मध्ये ट्रायकोफायटन इंडोटिनी नाव मिळालं, तेही जपानमध्ये, तिथल्या नेपाळी आणि भारतीय पेशंटच्या नमुन्यांवरून (नावात इंडिया, काय मान!). टर्बिनाफिन हे बुरशीवरचं नेहमीचं औषध बुरशीच्या ज्या एन्झाइमवर काम करतं त्याच्याच जीनमध्ये बदल, म्हणून त्या गोळ्या बऱ्याचदा फेल. मला आता इट्राकोनाझोल हे बुरशीवरचं दुसरं औषध चालूय, टॉवेल वेगळा, आणि आई माझे कपडे चिमटीत धरून उन्हात टाकते.